गुरुवारी मोजलेला रस्ता

तीर्थरूप मामांना चाकणहून ज्ञानेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे बरा आहे, म्हणजे ताप नाही, बाकी विचारू नका. तुमची कंबर कशी आहे, मामीला ऊन लागलं होतं ते उतरलं का, कळवावं.

मागच्या फोनवर मी बोलून गेलो, की यंदा वैशाखात गावाकडं सायकलनं येणार. तुम्ही हसून सोडून द्याल वाटलं, तर तुम्ही पारावर सांगून टाकलं आणि पोरांनी वेशीला माझा फ्लेक्स लावला म्हणे. (फोटो आधार कार्डावरचा का घेतला? त्यात मी आधीच घाबरलेला दिसतो.)

मामा, किती दिवस लागतील हे बघायला मी सुट्टीच्या दिवशी शिक्रापूरपर्यंत सायकल मारून आलो. रस्ता इतका मोकळा, की एका हातानं केळं खात गेलो. त्याच चालीनं पुढचं नगर, पाटोदा, आपलं गाव असं सगळं धरलं आणि ठेकेदाराकडून आठवड्याची सुट्टी घेतली. उशीर झाला तर मशीनवर दुसरा माणूस उभा करीन, असं तो हसत हसत म्हणाला (तो हसून बोलला की नक्की करतो). हे सगळं पक्कं झाल्यावर रूमवरच्या दिग्विजयनं विचारलं, "भावा, बघायला गेलास कधी? गुरुवारी?" म्हटलं, मग सुट्टी कधी असते? तो गादीवर लोळायला लागला. "अरे राव, गुरुवारी निम्मी एमआयडीसी बंद! कंटेनरपण सुट्टीवर होते तुझ्यासंगं." (कंपनीच्या बसमध्ये मी कायम झोपलेला असतो, त्यामुळं एरवीचा रस्ता मी बघितलेलाच नाही.)

म्हणून शुक्रवारी दुसऱ्या पाळीच्या आधी परत निघालो. तळेगाव चौकातच सकाळ संपली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारचं टायर माझ्या कानाला लागेल इतकं उंच. एकानं हॉर्न दिला तेव्हा मी सायकल टाकून दुभाजकावर उभा होतो आणि हात जोडले होते, कुणाला ते ठाऊक नाही. सीट तर उन्हानं तव्यासारखी. घरमालकीण तानुबाई दारातच म्हणाल्या, "सायकल हातात धरून आलास व्हय रं? बसाया येत न्हाई का?"

तेव्हापासून एकच हिशेब मांडतोय. न यावं तर गावात तोंड दाखवता येत नाही, यावं तर रस्ता, थांबत थांबत यावं तर मशीन जातं. तरी ठरल्याप्रमाणे निघतोच आहे. काळजी नसावी.

आपला भाचा,
ज्ञानेश

ता. क. काळजी असावी. तुमचा टेम्पो घेऊन थेट चाकणला या, ताडपत्री आणा. मी आणि सायकल तिच्याखाली बसू. वेशीच्या अलीकडच्या वळणावर उतरवा, तिथून मी घामाघूम होऊन येतो.

आणखी ता. क. टेम्पो मोकळा नसेल तर फोन करून "येऊ नकोस" म्हणून ओरडा. दिग्विजय समोर असेल, मी स्पीकर लावीन. शिव्या दिल्या तरी चालतील. मी "नाही मामा, मी येणारच" म्हणत राहीन, ते ऐकू नका.