तिसऱ्या मजल्याची यादी

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि वर मलाच सांगतात, छबूबाई, शिट्टी वाजवायला शिका. रहाटणीच्या या म्हाताऱ्यांच्या सोसायटीत बारा वर्षं कामाला हाय मी. मॅनेजर मंजुषा म्याडमला येऊन चार महिने झालेत. नवा नियम काढलाय. आगीची घंटा वाजली की लिफ्ट न्हाई, जिना. सगळ्यांनी फाटकापाशी, यादीवर हजेरी. तिसरा मजला माझ्याकडं. अकरा माणसं. एका हाकेत उतरतील. शिट्टी कशाला?

५ नोव्हेंबर
सराव. हाकेला कुणी आलं न्हाई. यशवंतराव आप्पा कवळी शोधत बसले. सुमनताई कुलूप लावून निघाल्या, अर्ध्या जिन्यातनं माघारी येऊन ओढून बघितलं, परत निघाल्या, परत आल्या. मी म्हणलं, आग कुलूप बघून माघारी जाणार हाय का? तर म्हणे, आग विझते गं, चोर सापडत न्हाई.
सव्वीस मिनिटं. म्याडमचं घड्याळ पुढं असणार.

८ नोव्हेंबर
शिट्टी घेतली. नियमासाठी न्हाई, घसा बसला म्हणून.

१० नोव्हेंबर, सोमवार
नऊ मिनिटं. अकराच्या अकरा उतरवले. मी मागं राहून खोल्या, बाथरूम बघून आले. खाली फाटकावर कुणीच न्हाई. घंटा बंद, सगळे हॉलमध्ये चहाला. अकरा नावांपुढं अकरा खुणा. माझं नावच न्हाई. राहते मी तिसऱ्यावरच, जिन्याशेजारच्या खोलीत. वाईट वाटलं न्हाई. चहा संपला होता, एवढंच.

११ नोव्हेंबर
म्याडमला म्हणलं, नाव घाला. म्हणे घालते, पण घरच्या माणसाचा नंबर लागतो, आणि त्यानं हो म्हणायला पायजे. एवढंच ना. माझा प्रीतम चाकणला कंपनीत हाय. बोलावला तर तासाभरात हजर.

१३ नोव्हेंबर
तीनदा फोन केला. सेकंड शिफ्ट असंल. आप्पा म्हणे, माझा नंबर टाक. आप्पा पंच्याऐंशीचे. आग लागली तर त्यांना मीच उतरवायचं. तसं सांगितलं तर म्हणे, मग मी जवळच असंन की.

१५ नोव्हेंबर
ओव्हरटाइम असणार. दिवाळीतबी होता. कंपनीचं त्याच्यावाचून पान हलत न्हाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मेसेज पाठवला. वाचलेला दिसतो. इथं उतरवून ठेवते.
प्रीतम, यायचं न्हाई, काही आणायचं न्हाई. फोन आला तर ही माझी आई, एवढं म्हणायचं. शुक्रवारी यादी छापणार हायत. गुरुवारपर्यंत हो का न्हाई ते कळव.