हातावरचा हात

दि. ९ मार्च, रविवार

ती. ताईंना नमस्कार.

तुम्ही आणि भाऊजी बरे असाल. भाऊजींचा गुडघा आता काय म्हणतो? जिना टाळायला सांगा त्यांना, म्हणजे ते ऐकणार नाहीत, पण सांगा.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फ्रॉक मुंगीला नीट बसले. बटणं पुढून असलेले बघून घेतलेत, ते फार बरं केलंत. वरचं एक सोडलं तर बाकीची ती स्वतः लावते. वेळ लागतो, पण लावते. फ्रॉक पोचल्याचं तेव्हाच कळवायला हवं होतं. ‘राहून गेलं’ असं लिहिणार होतो, पण राहून गेलं नव्हतं. मी मुद्दामच कळवलं नाही.

माझी बेकरी चालू आहे. पहाटे भट्टीवर जातो तेव्हा शेजारच्या काकू येऊन मुंगीजवळ निजतात. त्याच तिला उठवून शाळेत सोडतात. दुपारी मी तिला आणतो आणि भट्टी निवेपर्यंत ती पिठाच्या पोत्यांवर बसून पाय हलवते. मालक काही बोलत नाहीत. परवा ती पोत्यामागे घसरली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली, तेव्हा म्हणाले, “मुंग्या साखरेत सापडतात, ही पिठात सापडली.” तीही हसली. विनोद तिला कळला की नाही कोण जाणे, पण सगळे हसले की ती हसते.

आता शाळेचं. ही, तुमची बहीण, गेली त्यानंतर रोज संध्याकाळी मी मुंगीला आकडे शिकवायचो. मांडीवर घ्यायचो, पेन्सिल तिच्या मुठीत द्यायचो, वरून माझा हात ठेवायचो. एक, दोन, तीन, सरळ दहापर्यंत. स्नायू सैल आहेत, समज सावकाश येईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हाला आठवत असेल. मला वाटायचं, सावकाश कुठे, दहापर्यंत तर आली! काकूंना सांगितलं, मालकांना सांगितलं. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही ऐकवलं असतं, आणि जरा तोऱ्यातच ऐकवलं असतं.

दिवाळीनंतर वर्गाला नव्या बाई आल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. मुंगीला माझ्या मांडीवर बसवलं आणि म्हणाल्या, घरी करता तसं करा. आम्ही एक काढला, दोन काढला, तीन काढला. मग त्या म्हणाल्या, “आता तिच्या हातावरचा हात काढा बघू.”

मी काढला. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलेलं होतं ते तसंच राहिलं. मुंगी काही घाबरली नाही, रडली नाही. पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभं राहावं तशी शांत वाट बघत राहिली. मग डाव्या हातानं माझा हात शोधला, उचलला आणि आपल्या मुठीवर ठेवला. म्हणाली, “बाबा, हात.”

बाई चांगल्या आहेत. आवाज न चढवता म्हणाल्या, “हे आकडे तुमचे आहेत. तिचा अजून एकही नाही.”

ताई, त्या दिवशी मी कामावर परत गेलो आणि पावाचा एक अख्खा घाणा जाळला.

बाईंनी मग मलाच शिकवलं. आधी मूठ सोडून मनगट धरायचं. ते जमलं की कोपर. मग नुसतं एक बोट खांद्यावर. पेन्सिल बाजूला ठेवा म्हणाल्या, आधी बोटानं काढू दे. म्हणून मी पत्र्याच्या ट्रेमध्ये पीठ पसरलं. चुकलं तर ट्रे हलवला की पुन्हा कोरा. तिला ते आवडलं. मनगटापर्यंत सगळं ठीक चाललं. कोपरावर आलो तशी ती रोज ‘हात, हात’ करायला लागली. मी नाही म्हटलं. एकदा तिनं ट्रे उलटा केला, जमिनीवर लोळली, पिठात आसवं मिसळून तोंडाला कणकेचा लेप झाला. ही असती तर म्हणाली असती, पुरे आता, घ्या तिला जवळ. मी घेतलं जवळ. पण तिचं बोट धरलं नाही. माझाच हात आपोआप पुढे जायचा, म्हणून ट्रेपलीकडे बसून तो मांडीखाली दाबून ठेवायला लागलो. मालक म्हणाले, थंडी वाजते का रे?

गेल्या महिन्यात तिनं एक काढला. ट्रेभर गाठ, आणि शेपूट काठावरून थेट टेबलावर. असा एक कुणी कधी काढला नसेल. काढून झाल्यावर तिनं आकड्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, माझे हात कुठे आहेत ते वाकून पाहिलं, आणि मग म्हणाली, “मी.”

एवढंच. ‘मी.’ हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तिला काही हवं असलं की ती ‘मुंगीला’ म्हणते.

आता दोनही येतो, जरा उताणा पडलेला. तीन अधूनमधून. चार अजून नाही.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे, आणि मघापासून ते लांबवतो आहे. बाई म्हणतात, मी दुपारी तासभर करतो ते पुरेसं नाही. तिला दिवसभर असं शिकवणारी माणसं हवीत. या शाळेत एकट्या बाई, आणि समोर भरलेला वर्ग. त्यांनी ज्या शाळेचं नाव घेतलं, ती तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. ही गेली तेव्हा मुंगीला तुमच्याकडे ठेवून तिथं घालू म्हणाला होतात, तीच. आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणालो होतो, माझी मुलगी म्हणजे काही बहिणीमागं उरलेलं सामान नाही, उचलून न्यायला. तुम्ही तिच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिलात.

तिचे हाल होतील म्हणून मी नाही म्हटलं, असं सगळ्यांना वाटलं. मीही वाटू दिलं. खरं तर संध्याकाळी कामावरून येऊन त्या घराचं कुलूप एकट्यानं उघडायची माझी तयारी नव्हती.

आता आहे असं नाही. पण ती तिथं शिकेल. तुमचं म्हणणं अजून तेच असेल तर जूनच्या आधी मी तिला घेऊन येतो. दर सुट्टीला येईन, तुमच्या ओसरीवर झोपेन. नाही म्हणालात तर तेही मला समजेल.

एक सांगून ठेवतो. ती लिहायला बसली की तुमचा हात मागेल. तेव्हा देऊ नका, कितीही रडली तरी. रात्री निजताना मागेल, तेव्हा मात्र द्या, आणि झोप लागेपर्यंत सोडू नका.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मुंगीचा बाबा