न वाचलेली ओळ

३ मार्च १८०६
आज डॉर्कस आली — समोरची, शिडं शिवणारी. हातात कप्तान क्रेनचं पत्र. थेट सुमात्राहून! मिरी आणायला गेलाय, दीड वर्ष होत आलं. दोन हिवाळे माझ्या चुलीपाशी बसून कॉड माशाचं कालवण ओरपलं याने, आणि पत्र कुणाला? तर हिला!

हिला छापील बायबल वाचता येतं, हाताने लिहिलेलं नाही. म्हणून माझ्याकडे. गावच्या शाळेत छड्या खाल्ल्या त्या हिची प्रेमपत्रं वाचायला!

वाचलं. मिरीसाठी गाव न् गाव पालथं घालतायत, कुठे दहा गोणी तर कुठे वीस. किनाऱ्याच्या लाटेने होडी उलटवली. तापाने चौघे गेले, वाळूतच पुरले. वाटेत इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने आमच्या दोघा अमेरिकन खलाशांना जबरदस्तीने नौदलात ओढून नेलं — तुम्ही आमचेच, म्हणे. माझा नवरा जोनास तिकडच्याच तापाने गेला.

आणि शेवटी — 'जहाज लागेल त्या दिवशी धक्क्यावर ये, डॉर्कस. आलीस तर लग्न करू. दिसली नाहीस तर समजेन, तुझ्या मनात नाही. मग पुढच्याच जहाजाने परत निघेन.'

मी वाचलं, 'सगळ्यांना नमस्कार सांग.'

"एवढंच?"

"एवढंच. कप्तान आहे बाई तो, कवी नाही."

तिने पत्राची सावकाश घडी घातली आणि गेली.

९ मार्च
प्रार्थनेला डॉर्कस पुढच्या बाकावर. नवी निळी टोपी. मान तर बघा, बगळ्याची! टोपी छान, शिडाच्या कापडाची का, म्हणून विचारलं. हसली. हिला राग पण येत नाही मेलीला.

२ एप्रिल
दोनदा तिच्या दारापर्यंत गेले, सांगून टाकू म्हणून. दोनदा परत फिरले. आत गुणगुणत होती. एवढं गुणगुणण्यासारखं काय आहे?

१९ एप्रिल
जहाज दिसलं! काळा रेशमी झगा पेटीतून काढून घातलाय, गालांना चिमटे काढून झालेत. जाता जाता डॉर्कसला म्हटलं, धक्क्यावर चिखल आहे गं, तू कशाला येतेस. ती आपली निळी टोपी बांधायला लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जवळच्या वाटेने माझ्याआधी पोचली! कप्तान वाळून काठी झालाय, पिवळा पडलाय. खांबावरून फिरावी तशी नजर माझ्यावरून फिरवली त्याने. मग तिचा हात धरला तो सोडेचना. मी रेशीम चिखलात ओढत घरी.

२० एप्रिल
डॉर्कस येऊन गेली. म्हणाली, कप्तान लोक एकच पत्र दोनदा लिहितात, दोन जहाजांनी धाडतात — एक बुडालं तर दुसरं असावं. पहिलं फेब्रुवारीतच आलं होतं. पाद्रीणबाईंनी सगळं वाचून दाखवलं होतं.

मग माझ्याकडे कशाला आलीस, विचारलं.

"तुझा जीव आहे त्याच्यावर, टॅबिथा. मी ठरवलं होतं — तू ते खरं वाचलंस, तर मी धक्क्यावर जायचंच नाही."