दोन गाठींची बाटली

ता. २२ ऑगस्ट

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे, विचारू नकोस. वहिनीला सांग, लोकर मिळाली. रंग मला आवडला नाही, पण विणायला घेतलीय.

आता मुद्द्याचं. मी चर्चच्या किल्ल्या परत दिल्या. एकोणीस वर्षं फरशी पुसली, बाकं पुसली, प्रभुभोजनाचे पेले धुतले. तू पाहिलेस ते पेले, अंगठ्याएवढे, काचेचे, पन्नास आहेत. करंगळीला फडकं गुंडाळून एकेकाच्या आत फिरवावं लागतं, नाहीतर तळाला रसाचा डाग राहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारासाठी काळी द्राक्षं उकळून रस मीच करायची. या कामाचे पैसे कधी घेतले नाहीत, मागितलेही नाहीत.

झालं असं. नवे पाळक येऊन चार महिने झाले. माणूस बरा आहे, प्रवचन जरा लांबवतो. त्यांची बायको तरुण आहे आणि सारखी हसते. गेल्या शनिवारी मी मागच्या खोलीत पितळी तबकं घासत होते, तर ही येऊन उभी राहिली. म्हणाली, की मावशी, देवाची सेवा आनंदाने करायची असते, तुमच्या कपाळावर नेहमी आठ्या, येणाऱ्याला वाटतं तुम्ही त्याच्यावरच चिडलाय. आनंद वाटत नसेल तर थोडे दिवस विश्रांती घ्या, आम्ही बायका मिळून सांभाळू.

दादा, तबक घासताना कोण हसतं ते मला सांग. मी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातात ठेवल्या आणि घरी आले. एक शब्द बोलले नाही. मी न बोलता आले म्हणजे किती चिडले असेन ते तुला सांगायला नको.

तू लिहिशील माफ कर. केलं. पण परत जाणार नाही. हसऱ्यांना धुऊ देत पेले.

डिंकाच्या वासाने तुझं डोकं दुखायचं ते थांबलं का कळव. लोभ असेल तर उपदेश न करता चार ओळी लिही. नसेल तर उपदेश कर, मी वाचणार नाही.

तुझी
धाकटी


ता. ३० ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. कागदाला तीन ठिकाणी भोकं पडली आहेत. एवढा जोर लावून लिहू नये, पेनाचा काय दोष. ठिणगी म्हटलेलं आवडत नाही हे माहीत आहे, म्हणूनच लिहिलं.

डोकं दुखायचं थांबलं. दुकानात सध्या बांधणीला आलेल्या गीतांच्या पुस्तकांची चळत आहे, सगळ्यांच्या पाठी उसवलेल्या. माणसं गाताना पुस्तक पिळतात की काय कळत नाही. वहिनी म्हणते रंग आवडला नसेल तर लोकर परत पाठव. पाठवू नकोस, ती नुसतं म्हणते.

उपदेश करत नाही, एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा तुझी वहिनी दुकानात जाऊन उभी राहिली. तिला सुई सापडेना, दोरा सापडेना, कुठल्या डब्यात पातळ डिंक आणि कुठल्यात घट्ट, काही कळेना, कारण एकाही डब्यावर मी काही लिहिलेलं नाही. सगळं माझ्या डोक्यात. घरी येऊन तिने विचारलं, की हे सगळं कुणापासून लपवून ठेवलंय. खरं म्हणजे मला तसंच आवडतं. मी नसलो की अडायला हवं, असं कुठेतरी वाटतं.

तर एवढंच विचारतो. किल्ल्या दिल्यास. त्यांच्याबरोबर जे सांगायला हवं होतं ते सांगितलंस का? नसशील तर पहिल्या रविवारच्या आत सांगून ये. दारातूनच सांग हवं तर, आत जाऊ नकोस.

वहिनीचे आशीर्वाद. रागातून वेळ मिळाला की आमचीही आठवण काढावी.

तुझा
दादा


ता. ८ सप्टेंबर

ती. दादास,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र आज सोमवारी आलं. रविवार काल होता. शनिवारी आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पोस्टाला काय म्हणावं.

आधी बाटल्यांचं सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. महिन्याचा रस उरला की मी फेकत नाही. बाटलीत भरून मागच्या फडताळात ठेवते, तो आंबतो, चांगला कडक आंबतो, आणि त्याने पितळ असं निघतं की तोंड दिसावं. ताजा रस आणि आंबलेला रस, दोन्ही एकाच रंगाचे, एकसारख्या बाटल्यांत. लिहायचा मला कंटाळा. ताज्याच्या मानेला दोऱ्याची एक गाठ, आंबलेल्याच्या दोन. एकोणीस वर्षांत चूक नाही, कारण हात लावणारी मी एकटी. आणि त्या शनिवारी मी पुढच्या महिन्याचा ताजा रस उकळून, टिकावा म्हणून घट्ट बूच लावून ठेवला होता, एक गाठ मारून. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

काल मी शेवटच्या बाकावर बसले. पेल्यांचं तबक फिरत आलं. पेले स्वच्छ होते, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे सगळ्यांनी पेला हातात धरून थांबायचं आणि पाळकांनी सांगितलं की एकदम प्यायचं. मी पेला नाकाशी नेला आणि वासानेच ओळखलं. दोन गाठींची बाटली.

दादा, मला ओरडता आलं असतं. वेळ होता. पाळकांनी प्रार्थना नेहमीसारखी लांबवली होती. एक क्षण मनात आलं की कळू दे यांना. मग प्रार्थना संपली आणि सगळे प्यायले. मीही प्यायले.

कुणी थुंकलं नाही. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते उभे राहिले. पुढच्या बाकावरचे म्हातारे पोस्टमन रुमालात खोकले. एक मूल रडायला लागलं, त्याला तर पेला मिळालाही नव्हता, आईचं तोंड बघून रडलं. बाकी गप्प. इतकं गप्प आमचं चर्च प्रवचनातही नसतं.

मग साक्षीची वेळ आली. आमची रीत तुला माहीत आहे, प्रभुभोजनानंतर एकाने उठून देवाच्या उपकाराबद्दल चार शब्द सांगायचे. मी एकोणीस वर्षं तबकं आवरायच्या निमित्ताने ते चुकवत आलेय. काल पाळकांची बायको, आमची पाळकबाई, उठली. पहिल्यांदा तिला न हसताना बघितलं. म्हणाली, की आज उपकार सांगायला तोंड नाही, पेले मी भरले, बाटली उघडून वाससुद्धा घेतला नाही, सगळ्यांनी मला क्षमा करावी. दोन गाठींची बाटली जास्त जपून बांधलेली वाटली, तीच चांगली असणार असं समजून घेतली, असंही म्हणाली. आणि खाली बसून ओंजळीत तोंड लपवलं.

मी शेवटच्या बाकावर होते. मी उठले नाही. गुडघा दुखत नव्हता.

बाहेर पोस्टमन म्हणत होते, की इतकी वर्षं रस प्यायलो पण प्रभूला क्रूसावर आंब, म्हणजे असलाच आंबलेला द्राक्षरस, दिली होती हे आज पहिल्यांदा घशाला कळलं. लोक माना डोलवत होते. मी मान खाली घालून घरी आले. घरात काय करणार, स्वतःचेच चार पेले घासत बसले. शनिवारपासून तिसऱ्यांदा. हाताला दुसरं काही सुचतच नाही.

आता उपदेश कर. वाचीन.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही. तुला ठेवायचा असेल तर ठेव.

धाकटी


ता. १४ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेस दोन जास्त.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली की लोकरीचा रंग तिलाही आवडला नव्हता, दुकानात दुसरा नव्हता म्हणून घेतला. तिच्या मनात होतं ते तिने सांगून टाकलं. आता तुझी पाळी आहे. काय करायचं ते तुला माहीत आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही.

पण तुझ्या मनात दुसरंच काहीतरी सलतंय. तिने विचारलं आनंद वाटतो का, आणि तुला उत्तर आलं नाही, म्हणून तू किल्ल्या टाकल्यास. बरोबर ना? तर मी आता चाळीस वर्षांचा शब्द मोडतो. आई आज असती तर माझा कान पिळला असता.

तू आठ-नऊ वर्षांची होतीस. भांडी घासायला बसलीस की तोंड असं करायचीस, की जणू त्या पातेल्याने तुझं काही चोरलंय. आणि त्याच वेळी नाकातून गुणगुणायचीस. शब्द नाहीत, धड चाल नाही, पण भांडी संपेपर्यंत थांबायचं नाही. तुला स्वतःला पत्ताही नसायचा. आई हातातलं काम टाकून दाराआड उभी राहायची. मी एकदा तुला चिडवायला निघालो तर तिने माझा दंड धरला. म्हणाली, की तिला सांगू नकोस, सांगितलं तर थांबेल. देवाला ऐकू जातंय तेवढं पुरे.

दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा शनिवारी तुझ्यामागे चर्चमध्ये आलो. तू तबकं घासत होतीस. आठ्या होत्या. गुणगुणणंही होतं. मी दाराआड उभा राहिलो, आईसारखा.

सोबत कातड्याच्या दोन पट्ट्या पाठवतो. एकीवर सोनेरी अक्षरांत ताजा रस, दुसरीवर आंबलेला रस. पुस्तकाच्या पाठीवर लावतात तसल्या आहेत, पाण्याने जाणार नाहीत. माझ्या डब्यांनाही मी काल लावल्या. वहिनीने बघितलं, आणि संध्याकाळी चहात साखर जास्त होती.

लोभ ठेवलेला आहे, काढून घ्यायची सोय नाही.

तुझा
दादा


ता. ६ ऑक्टोबर

ती. दादास,
धाकटीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

मी गुणगुणत नाही. हे आधी लिहून ठेवते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी पाळकबाईकडे गेले. ती ओट्याशी पेले धूत होती, एक फुटला होता आणि बोटाला चिंधी होती. मी दारातूनच सांगितलं, की गाठी माझ्या, न सांगता गेले ती मी, आणि पेला नाकाशी नेल्यावर कळलं तरी गप्प बसले ती पण मीच. तिने हातातला पेला पालथा घातला. मग म्हणाली, की लग्न झाल्यापासून तिला सगळे सांगतात पाळकाच्या बायकोने हसतमुख असावं, रात्री गालफडं दुखतात. तिला वाटलं सगळ्यांना तसंच सांगायचं असतं. मी म्हटलं, की माझ्यासमोर हसू नकोस, दुखत असेल तर राहू दे. तेव्हा ती हसली, आणि ते निराळं होतं.

मग मी तिला करंगळीला फडकं कसं गुंडाळायचं ते दाखवलं. तिची करंगळी बारीक आहे, माझ्यापेक्षा आत जाते. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. पट्ट्या लावल्या. तरी तिने गाठी सोडू दिल्या नाहीत. किल्ल्यांचा तिने आणखी एक जुडगा करून घेतला. आता दोघींच्या कमरेला आहे.

काल पहिला रविवार. साक्षीच्या वेळी मी उठले. सगळ्यांना वाटलं मी तबकं आवरायला उठले, म्हणून कुणी बघितलंच नाही. मला दोनदा खाकरावं लागलं. मी सांगितलं, की गेल्या महिन्याचा आंबलेला रस माझा होता. बाटल्यांची खूण मी कुणाला सांगितली नाही, कारण माझ्यावाचून अडावं असं मला वाटायचं. एकोणीस वर्षं मी देवाचं काम माझ्या घरचं समजून कुलुपात ठेवलं. तरी त्याने ते माझ्या हातून काढून घेतलं नाही, आणि तुम्ही सगळे तो रस प्यायलात पण एकानेही थुंकला नाही. हा उपकार आहे, आणि याहून मोठा मला ठाऊक नाही. एवढं बोलून बसले.

मग पोस्टमन उठले आणि म्हणाले, की क्षमा केली, पण इथून पुढे एका गाठीवरच भागवावं. आख्खी मंडळी हसली. मीही हसले असेन, कारण पाळकबाई नंतर म्हणाली की माझा दाढेजवळचा दात पडलाय हे तिला माहीत नव्हतं.

उपासना संपल्यावर मी मागच्या खोलीत पेले धुवायला बसले. ती माणसांना निरोप द्यायला अंगणात गेली होती. एकोणपन्नास पेले. तिसाव्याच्या आसपास असेन, तेव्हा नाकातून काहीतरी चाललंय असं मलाच ऐकू आलं. दादा, तू मला हे सांगायला नको होतंस. हात तसाच राहिला पेल्यात. मग कळलं की दाराआड कुणीतरी येऊन उभं आहे, पायरीवर चपलेचा आवाज आला आणि थांबला.

मी मागे वळून बघितलं नाही. फडकं पुन्हा करंगळीला गुंडाळलं आणि उरलेले पेले होईपर्यंत नाकातलं थांबवलंही नाही.

वहिनीला सांग, स्वेटर झाला, रंग अंगावर बरा दिसतो. लोभ आहे तो आहे, त्यावर पट्टी लावायला नको.

तुझी
ठिणगी