व्हय म्हाराजा, एडिटिंग चालू आहे

२ डिसेंबर, सकाळी ७

आजपासून नवं पर्व. कम्युनिटी कॉलेजात टीव्ही आणि व्हिडिओ प्रॉडक्शनचा पाच महिन्यांचा कोर्स. वय बावन्न. रेल्वेच्या सिग्नल खात्यात अठ्ठावीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली, ती घरी बसून मेथी निवडायला नाही. माझ्यात एक दिग्दर्शक आहे हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं. इतरांना कळवायला सवड मिळाली नव्हती, एवढंच.

खास जाकीट घेतलं. सतरा खिसे. मालन म्हणाली, "एवढ्या खिशांत ठेवणार काय?" बायकोशी क्रिएटिव्ह विषयांवर बोलायचं नाही, हा पहिला संकल्प.

संध्याकाळी ६

वर्गात अकरा जण. मी सोडून सगळे वीस-बाविशीचे. मी आत शिरताच सगळे उभे राहिले. मला वाटलं, आदर. मागाहून कळलं, मला शिक्षक समजले होते. खऱ्या शिक्षिका झरीन मॅडम. वय जेमतेम अठ्ठावीस, मुंबईत चॅनेलमध्ये काम केलेल्या. मला "विठ्ठलकाका" म्हणाल्या. मी "सर"ची तयारी ठेवून गेलो होतो.

जाकिटात फार उकडतं.

१९ डिसेंबर

कॅमेऱ्याचं प्रॅक्टिकल. पोरं कॅमेऱ्याभोवती नुसती चिकटलेली. मी मागे हात बांधून उभा. दिग्दर्शक कॅमेऱ्याला हात लावत नसतो, तो सांगतो. मॅडम बटणं आणि दिवे समजावून देत होत्या. दिव्यांबद्दल मला कोणी सांगावं? अठ्ठावीस वर्षं दुसरं केलं काय मी? तेवढ्यात बाहेर जाऊन चहा घेतला.

११ जानेवारी

पहिली असाइनमेंट. जेटीवर मासळीचा लिलाव. कॅमेरा यासीनकडे. हा मुलगा राजिवड्याचा, बोलतो कमी. दिग्दर्शन माझं. मी "ॲक्शन!" ओरडलो आणि लिलाव थांबला. एक बाई म्हणाली, "ओ दादा, सुरमई घेनार असाल तर बोला, नायतर बाजूला व्हा." वर्गात फिल्म दाखवली. टाळ्या पडल्या. नावांच्या यादीत यासीनचं नाव पहिलं, माझं चौथं. तांत्रिक चूक असावी. मनाला लावून घेतलं नाही. फक्त सहा जणांना फोन करून सांगितलं.

८ फेब्रुवारी

फायनल प्रोजेक्टचा विषय मिळाला. मिळाला म्हणजे काय, चालत आला.

वर्गातली वेदिका, लांज्याकडची. तिचे आजोबा रावजी गावचे मानकरी. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, बसली की देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. बत्तीस घरांची नावं, कोणाचं दुखणं, कोणाची नोकरी, कोण मुंबईला, कोण आखातात. सगळं एका दमात, ठरल्या क्रमाने. क्रम चुकला की घरं रुसतात. कुठे लिहिलेलं नाही. सगळं आजोबांच्या तोंडात.

आणि आजोबांच्या घशात गाठ. तीन एप्रिलला मुंबईत ऑपरेशन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, माणूस राहील, आवाज जाईल. पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाणं वेदिकाच्या बाबांनी, संदेशने, घालायचं. त्याचा जन्म भांडुपला गेला. त्याला दोन ओळींच्या पुढे येत नाही. तो व्हिडिओ बघून शिकणार.

वेदिका म्हणाली, "काका, एकच वेळ मिळणार आहे. नीट होईल ना?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असे हात कुठे आणि कधी ठेवायचे, हे दिग्दर्शकाला आतूनच कळतं.

११ मार्च

यासीन म्हणाला, "काका, कॅमेऱ्याला मी येतो." मी म्हटलं, तुझे रोजे चाललेत, उपाशी माणसाला उन्हात कशाला राबवू? तो म्हणाला, "रोज्यात आमचे वडील होडी हाकतात. मला कॅमेरा झेपेल की." मी ठाम राहिलो. इतरांच्या श्रद्धेची कदर करणारे लोक आता राहिले नाहीत. यादीत नाव कोणाचं पहिलं येईल, याच्याशी या निर्णयाचा काही संबंध नाही.

१६ मार्च, रात्री घरी पोचल्यावर

शूटिंग झालं. अप्रतिम!

गाडीतून उतरताच कॅमेरा सुरू करून बघितला. लाल दिवा लागला. म्हणजे थांबलेला आहे, ठीक. तसाच गळ्यात अडकवून गावभर हिंडलो, जागा हेरली. वेदिका फ्रेममध्ये येत होती म्हणून तिला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून लांब चिंचेखाली उभं केलं. तिथे ढोलांशिवाय काही ऐकू येत नाही अशी तिची तक्रार. म्हटलं, ऐकायला कॅमेरा आहे.

रावजी पुढे आले. पांढरं धोतर, आवाज बसका पण पोचणारा. मी बटण दाबलं. लाल गेला, रस्ता मोकळा. त्यांच्यापासून तीन हातांवर मी, बाकी सगळे मागे. दर वाक्याला अख्खा गाव, "व्हय म्हाराजा!" बारा मिनिटं मी श्वास रोखून फ्रेम धरली. संपल्यावर बटण दाबलं, लाल आला, थांबलं.

मग म्हटलं, "छान! आता क्लोजअपसाठी परत एकदा घेऊ." रावजी माझ्याकडे वळले. म्हणाले, "देवाला परत सांगू? पयल्या बारीला त्यानं आयकलान नाय काय?" सगळी सहाण हसली. एक म्हातारी, काशीबाई, रावजींची बायको, पदर तोंडाला लावून म्हणाली, "रेल्वेतले ना ते? त्यांना तीनदा अनाऊन्स करायची सवय." ग्रामीण भागात प्रॉडक्शनची जाण अजून यायची आहे. शिवाय तो विभाग वेगळा. मी सिग्नलचा.

जेवायला आग्रह करकरून वाढलं. निघताना रावजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "तुमच्यामुलं माजी काळजी गेली."

२२ मार्च, दुपारी

एडिटिंग रूम. कार्ड लावलं. शेजारी यासीन.

एकूण एक्केचाळीस मिनिटं. पहिली एकोणीस मिनिटं माझे बूट. चालताना, थांबताना, शेण चुकवताना. त्यावर माझा आवाज. मी फोनवर मालनला सांगतोय की गाव मागासलेला आहे पण चेहरे चांगले आहेत. मग कॅमेरा वर उचलला जातो, रावजी धोतर सारखं करतात, तोंड उघडतात.

कट.

पुढचं दृश्य: मी म्हणतोय, "छान! आता क्लोजअपसाठी परत एकदा." त्यानंतर बावीस मिनिटं जाकिटाचा खिसा, आतून. शेवटी, जेवणाआधी, मी ड्रायव्हरला सांगतोय, "म्हातारा बरा आहे पण फार लांबवतो. यासीनचं नाव यादीत टाकावंच लागणार नाही, हे बरं झालं."

यासीनने हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, "काका, लाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू."

आमच्याकडे लाल म्हणजे थांबा. आणि दिवाच नसलेला सिग्नल? तोही थांबाच समजायचा. हे मीच नव्या पोरांना शिकवायचो, दर वर्षी, फळ्यावर चित्र काढून.

दोष कॅमेरा बनवणाऱ्यांचा आहे. पण कान गरम झाले होते हे खरं.

यासीन म्हणाला, "आजच फोन करा. अजून बारा दिवस आहेत. घरात बसून परत बोलतील ते, नातीसाठी, पोरासाठी. मी येतो कॅमेरा घेऊन. नाव नको माझं." शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

करतो म्हटलं. उद्या.

२३ मार्च

फोन करणार होतो. आज एकादशी नाही ना, ते बघत बसलो. मग जेवायची वेळ झाली.

२५ मार्च

नीट विचार केला. रावजी स्वतःच म्हणाले होते, देवाला परत सांगणार नाही. हे त्यांचं तत्त्व. मी परत बोला म्हणणं म्हणजे त्यांच्या तत्त्वावर घाला. मी त्यांचा आदर करतो म्हणून फोन करत नाही.

मालनला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्हाला लाज वाटतेय, एवढंच आहे. लाज वाटू दे की. फोन करा आणि मग वाटू दे." बायकोशी या विषयांवर बोलायचं नाही, असा संकल्प होता. मोडला की असं होतं.

२८ मार्च

संदेशचा फोन. "काका, अप्पांचा व्हिडिओ पाठवता काय? ऑपरेशनच्या आधी त्यांना दाखवीन. खूश होतील." मी म्हटलं, एडिटिंग चालू आहे. तो म्हणाला, "एडिटिंग नको ओ, असाच पाठवा." मी म्हटलं, असा कच्चा माल दिला तर कलाकाराचं नाव जातं. तो म्हणाला, "बरोबर हाय. तुमी जानकार." फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो. दोन ग्लास.

३१ मार्च

यासीनच्या घरी ईदचं बोलावणं. शिरखुर्मा उत्तम. यासीनने वाटी हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "तीन दिवस." मी म्हटलं, उद्या सकाळी नक्की. त्याची आई म्हणाली, "आणखी घ्या ना भाऊ, लाजता काय?"

१ एप्रिल

आज फोन केला तर थट्टा वाटेल. तारीखच तशी आहे.

२ एप्रिल

केला. खरंच केला. संदेशने उचलला. म्हणाला, "ॲडमिट केलंनी अप्पांना. उद्या सकाळी नेतायत. बोला ना." मागून रावजींचा आवाज येत होता. नर्सला सांगत होते, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला उठून पाणी घेता येत नाही, त्याला आधी द्या. आवाज होता. अजून होता.

मी म्हटलं, काही नाही, शुभेच्छा द्यायच्या होत्या.

६ एप्रिल

ऑपरेशन यशस्वी, असा वेदिकाचा मेसेज. अंगठा पाठवला. भेटायला गेलो नाही. ऑपरेशननंतर बाहेरच्या माणसांपासून संसर्ग होतो.

१८ एप्रिल

प्रोजेक्ट जमा करायची शेवटची तारीख. झरीन मॅडमना सांगितलं, कार्ड खराब निघालं. त्या म्हणाल्या, "काका, कार्ड चांगलं आहे. वर्गात चाललंय. वेदिकाने सगळं बघितलं." मी विचारलं, कधी? म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले."

म्हणजे तिने तो मेसेज पाठवला, तेव्हा तिला माहीत होतं.

२७ एप्रिल, संध्याकाळी ५

संदेश आणि वेदिका घरी आले. मालनने चहा टाकला. मी जाकीट घालून बसलो होतो. का, ते मलाही ठाऊक नाही. सुरुवात मीच केली. लाल दिवा, हिरवा दिवा, दोन खात्यांतला फरक. संदेशने हात वर केला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे काका. चूक माजी पन हाय. व्हिडिओ व्हतोय म्हनून मी नीट आयकलंच नाय. अख्ख्या वाडीला इचारलं. सगल्यांचं तेच. आमी आपले व्हय म्हाराजा बोललो."

रावजींना लिहिता येत नाही. पाटीवर तेवढं देवाचं नाव काढतात आणि पुसतात, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, मला क्षमा करा. हे वाक्य बरोबर आलं. आधी दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

वेदिकाने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर एक ते बत्तीस आकडे घातलेले, पुढे जागा मोकळी. म्हणाली, "काका, सगळ्यांत जवळ तुम्ही होता. तीन हातांवर. तुम्हाला काय काय आठवतंय ते सांगा. क्रम नको. एखादं नावसुद्धा चालेल."

मी डोळे मिटले. खरंच मिटले, नाटक नाही. बारा मिनिटं मी त्यांच्यासमोर उभा होतो. फ्रेम आठवली. डोक्यावर किती जागा सोडली तेही आठवलं. ओठ हलताना दिसले. शब्द एकही नाही.

शेवटी म्हटलं, ऊन मागून येत होतं, त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीतून उजेड आरपार दिसत होता.

वेदिकाने ते लिहून घेतलं. पेन बंद केलं नाही. पुढचं ऐकायला बसून राहिली.