उतारावरची बाबागाडी

ती. आईस,

तुझ्या थोरलीचा आणि नातीचा नमस्कार. आधीच सांगते, ठमी खुशाल आहे. तिला दुसरा दात आलाय.

शेजारणीने दिलेली बाबागाडी कशी चालते, असं तू विचारलं होतंस ना? ती परवा टाकून दिली. दारासमोरच्या उतारावर ब्रेक लावून मी कुलूप घालत होते. मागे वळून बघते तर गाडी रस्त्याकडे निघालेली! खालच्या शिंप्याने धावत येऊन दांडा धरला, आणि पुढच्याच क्षणी समोरून ट्रक गेला. आत ठमी आपली खिदळत होती.

काल नवी घ्यायला गेले. दुकानदार रंग दाखवायला लागला. म्हटलं, "रंग राहू द्या, आधी ब्रेक दाखवा." बरोबर नेलेली दहा किलो पिठाची पिशवी एकेका गाडीत ठेवून ती गाडी बाहेरच्या उतारावर उभी केली. पहिली घसरली, दुसरी डुगडुगली, तिसरी जागची हलली नाही.

"ताई, पिठाला पट्टा कशाला बांधलात?" तो हसला. मला हसू आलं नाही.

तिसरीच घेतली. पण ती अजून घरातच उभी आहे. दांड्याला हात लावते आणि लगेच काढून घेते. ठमीला कडेवर घेऊनच बाहेर पडते. ह्यांना फक्त जुनी मोडली एवढंच सांगितलंय. तूही बोलू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा फिरायला जातात ना?

आई, तू आम्हा तिघांना वाढवलंस. तुझा हात कधी सुटला होता का गं? सुटला असेल तर खरं लिही. मला तेवढाच धीर येईल.

तुझीच,
थोरली