सैल काठाची टोपली

लॉरेल खोरे, टेनेसी
६ ऑक्टोबर

प्रिय डेल्फीताई,

कशी आहेस? ओहायोत थंडी सुरू झाली असेल. इकडे पानं रंगून डोंगर लाल झालेत. झाडू बांधणारा थर्मन अजून माझ्याच शेजारी स्टॉल लावतो आणि अजून माझीच कॉफी पितो. माझे हातपाय धड आहेत. अक्षर वाकडं दिसलं तर पेनाला दोष दे.

चार वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. एका बाईबद्दल विचारायचं आहे.

ही बाई तीन वर्षं ऑक्टोबरच्या मेळ्याला येते. उंच, पांढऱ्या केसांची, तोंडाला कुलूप. माझं गिऱ्हाईक एकदा आलं की माझंच होतं, हे तुला ठाऊक आहे. मी टेबलामागे बसत नाही, पुढे उभी राहते. टोपली आधी हातात देते, किंमत मागून सांगते. कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं लक्षात ठेवते. "तू टोपल्या नाही, जीभ विकतेस," असं तू भर मेळ्यात म्हणालीस आणि मुलाकडे निघून गेलीस. असो.

तर ही बाई बोलतच नाही. सगळ्या टोपल्यांच्या काठावरून अंगठा फिरवते आणि जिचा काठ सगळ्यांत सैल, नेमकी तीच उचलते. दरवर्षी! चांगला माल सोडून डावा माल कोण घेतं?

"हेर आहे ती," थर्मन म्हणाला. "घरी नेऊन उसवणार, आणि पुढच्या वर्षी तुझ्याच टोपल्या कारखान्यातून येणार. अर्ध्या किमतीत!"

"मग चांगली नेली असती ना, बाबा."

"उसवायला सैलच बरी पडते, बाई."

ते मला पटलं. रात्री झोप लागेना.

काल ती आली. मी गोड हसून विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"उत्तरेकडची."

"टोपली कुणासाठी?"

"घरासाठी."

बस, एवढंच. पैसे दिले, सैल टोपली उचलली आणि निघाली. चष्मा मात्र टेबलावर राहिला. मी तो घेऊन धावले. खरं सांगू? चष्मा द्यायला नव्हे, तिच्या गाडीत काय आहे ते बघायला.

मागच्या सीटवर माझी गेल्या वर्षीची टोपली होती, सफरचंदांनी भरलेली. विणकाम माझंच, पण काठ माझा नव्हता. ओकच्या कामटीचा दुहेरी वेढा, टोक आत असं दाबलेलं की सुरुवात कुठली ते दिसू नये. आईचा काठ. आई गेल्यावर तो आपल्या दोघींनाच येतो.

"हा कुणी बांधला?" काठाला बोट लावून मी विचारलं.

बाई लाल झाली. "शेजारीण आहे माझी. सांगू नको म्हणाली होती. दरवर्षी बजावते, सगळ्यांत सैल असेल ती उचलून आण. तसली टोपली कुणाच्या हाती लागली तर आमच्या आईचं नाव खराब होईल, म्हणते."

ताई, मला असा राग आला! तीन वर्षं माझ्यावर हेर ठेवतेस? माझं काम उसवतेस? आणि मग मी त्या परक्या गाडीला टेकून रडले. तिने एक सफरचंद माझ्या हातात ठेवलं.

आता ऐक. काठ सैल असतो तो आळसाने नाही. थर्मनला मी घाईचं कारण सांगते. खरं म्हणजे माझा उजवा अंगठा दाब धरत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, पुन्हा धरणारही नाही. विणणं जमतं, काठ आवळणं जमत नाही. हा शेवटचा मेळा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कुणाला बोलले नाही.

तुझा पत्ता तिच्याकडूनच घेतला, आणि तिच्याबरोबर एक टोपली पाठवली आहे, काठ न लावलेली. बांधून दुसऱ्या कुणाच्या हाती परत पाठवू नकोस. एप्रिलच्या मेळ्याला स्वतः घेऊन ये. तू मागे बसून काठ बांध. गिऱ्हाइकाशी एक अक्षर बोलू नकोस, ते मी बघते.

आणि त्या चष्म्याचं खरं सांग. "टेबलावर विसरून ये," असं तूच शिकवलंस ना तिला? माझा संशय अजून गेलेला नाही.

अंगठ्याने हरलेली, जिभेने अजून नाही,
तुझी धाकटी
ओलेटा